दारांचा दांडा

“वहिनी, दांडा द्या,” लंबू माझ्या स्वयंपाकघराच्या दारात वाकून म्हणाला. बोटीवरच्या प्रत्येक दारात त्याला वाकावंच लागतं, पण त्या दुपारी तो जरा जास्तच वाकला होता.

वहिनी माझ्यासमोर बसून बटाटे सोलत होत्या. दांडा टेबलावर होता, बटाट्यांच्या पातेल्याला टेकून ठेवलेला. वीतभर लांबीचा, लोखंडी, धरायच्या जागी घासून गुळगुळीत झालेला. त्यांनी सुरी थांबवली नाही.

“कुठे उघडायचीयेत दारं?”

“कप्तान म्हणतात, इथंच.”

“इथंच म्हणजे कुठं?”

“इथंच म्हणजे…” लंबूने पायाखालच्या पत्र्याकडे बोट दाखवलं.

“मग नाही,” वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा बटाटा उचलला.

लंबू तसाच घुटमळला. हा आमचा डेकवरचा माणूस. दोर ओढायचे, साखळ्या सोडायच्या, सांगितलं ते करायचं. मनाने वाईट नाही, पण कोणी मोठ्या आवाजात बोललं की याचे पाय आपोआप चालायला लागतात. वर जाऊन काय सांगू, असं त्याने काकुळतीने विचारलं. बाई बटाटे सोलतेय म्हणून सांग, असं वहिनींनी सांगितलं. तो गेला.

आता हा दांडा म्हणजे काय प्रकरण आहे ते नीट सांगितलं पाहिजे, कारण त्या दुपारच्या इतक्या कहाण्या नंतर धक्क्यावर फिरल्या की एका कहाणीत वहिनींनी तोच दांडा कप्तानाच्या डोक्यात घातला होता. तसलं काही झालं नाही. मी तिथे होतो. बटाटे माझे होते.

आमची बोट गाळ उपसणारी. नद्या गाळ आणतात, समुद्र तो आत ढकलतो आणि बंदरात येणारी जहाजांची वाट भरत जाते. ती आम्ही मोकळी करत राहायची. घरच्या खरकट्या भांड्यांसारखंच हे काम आहे, कधी संपलं असं होत नाही. बोटीच्या कुशीला एक जाडजूड पाइप असतो, त्याला सगळे सोंड म्हणतात. सोंड समुद्राच्या तळापर्यंत सोडायची, बोट हळूहळू चालवायची आणि पंप लावायचा. तळाचा चिखल पाण्यासकट वर येतो आणि बोटीच्या पोटातल्या हौदात पडतो. चिखल खाली बसतो, वरचं पाणी काठावरून परत समुद्रात जातं आणि बोट जड होऊन खाली खाली बसत जाते. हौद भरला की सोंड वर घ्यायची आणि खुल्या समुद्राकडे निघायचं. वाट दाखवायला पाण्यावर तरंगत ठेवलेल्या शेवटच्या लाल बोयाच्या पलीकडे पाणी भरपूर खोल आहे. तिथे गेल्यावर बोटीच्या तळाची दारं उघडायची. गाळ खाली जातो, बोट वर येते आणि आम्ही पुन्हा माघारी वळतो.

बंदरात आणखी दोघं याच धंद्यातले होते. एक बोट तळात दोन लांब खांब रोवून उभी राहायची आणि दातेरी डोकं फिरवत कडक माती कुरतडायची. तिचा चिखल पाण्यावर तरंगणाऱ्या लांबलचक पाइपातून परस्पर किनाऱ्यावर जायचा. दुसरा एक क्रेनवाला तराफा होता, लोखंडी पंजाने तळाची माती घास घास उचलणारा. त्या दोघांचं काम एका जागी उभं राहून होतं. माल लांब नेऊन टाकायची यातायात फक्त आमच्या नशिबी होती.

तळाला दारं असलेली बोट बुडत कशी नाही, हे माझी बायको लग्न झाल्यापासून विचारते. हौदाच्या दोन्ही बाजूंना बंद टाक्या असतात, त्यांतली हवा बोटीला धरून ठेवते, असं मी सांगतो. तुम्हाला नक्की माहीत आहे ना, असं ती विचारते. मग मी विषय बदलतो.

सोंड आणि दारं, दोन्ही वहिनींच्या ताब्यात होती. त्यांचे यजमान आधी त्याच जागेवर होते, म्हणून त्या सगळ्या बोटीच्या वहिनी. मुळात त्या माझ्या हाताखाली आल्या होत्या, कांदे चिरायला आणि ताटं धुवायला. पुढे पंपाच्या आवाजाने यजमानांचे कान गेले आणि त्यांना बोटीवरून उतरवलं. तोवर त्यांच्या शेजारी उभं राहून वहिनी सगळं शिकून बसल्या होत्या. या जागेवर बाई नको म्हणून पुष्कळांनी नाकं मुरडली. मग त्याच लोकांच्या लक्षात आलं की वहिनी दारं उघडतात तेव्हा कपातला चहा हलत नाही, आणि नाकं हळूहळू सरळ झाली.

चहा न हलण्याचं कारण साधं होतं. दारं जोडीजोडीने असतात. वहिनी बोट चालती ठेवायला सांगायच्या आणि आधी पुढची जोडी उघडायच्या. जरा थांबायच्या. मग तिच्या मागची, मग तिच्याही मागची. गाळ पसरत जायचा आणि बोट सावकाश वर यायची. बोटीवरच्या त्यांच्या कामाच्या खोलीत भिंतीतून एक चौकोनी कांब बाहेर आली होती. तिच्यावर दांडा बसवायचा आणि हाताला लागेल तेवढाच फिरवायचा. जागेवरून उठताना दांडा काढून खिशात घालायचा आणि पाळी संपली की पुढच्याच्या हातात द्यायचा, ही यजमानांची शिकवण. घराला कुलूप लावून किल्ली कोणी दारातच ठेवतं का, असं ते म्हणायचे. म्हणायचे म्हणजे ओरडायचे. कान गेल्यापासून ते साधं बोलतच नाहीत.

तर त्या दुपारच्या काही दिवस आधी वहिनींची धाकटी बहीण त्यांच्याकडे आली होती. ती खाडीच्या मुखाशी राहते. ओहोटीला तिथे चिखलाचा मोठा पट्टा उघडा पडतो आणि बायका टोपल्या घेऊन शिंपल्या वेचायला उतरतात. बहिणीचं घर त्यावरच चालतं. तिने टोपली वहिनींपुढे पालथी केली. निम्म्या शिंपल्या तोंडं उघडून मेलेल्या होत्या आणि सगळ्यांवर निळसर राखाडी चिखलाचा थर होता. पट्ट्यावरचा चिखल तसला नसतो, तो तपकिरी असतो. वहिनी बघत राहिल्या. यजमानांनी मूठभर शिंपल्या नाकाशी नेल्या, जहाजांच्या तेलाचा वास घेतला आणि “हा आपला गाळ आहे,” असं ते म्हणाले. ते अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.

आपला गाळ तिथे कसा गेला, हे बोटीवर सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे तोंडात मूग गिळून बसले होते. एक मोठं जहाज बंदरात यायची तारीख ठरली होती आणि वाट अजून पुरेशी खोल झाली नव्हती. बोयाच्या पलीकडे जाऊन यायला वेळ लागतो, त्यात समुद्र खवळलेला असला की विचारूच नका. म्हणून दुसऱ्या पाळीतले लोक दारं बोयाच्या अलीकडेच उघडू लागले होते, खाडीच्या मुखाशी, उथळ पाण्यात. बोट कुठे जाते हे बंदराला कळवणारं एक यंत्र आमच्याकडे होतं. ते नेमकं वारा वाढला की बिघडायचं. अलीकडे टाकलेला गाळ भरतीबरोबर थोडा पट्ट्यावर जाऊन बसायचा आणि बाकीचा परत जहाजांच्या वाटेत यायचा, म्हणजे काल काढलेला चिखल आज पुन्हा काढायचा. कंत्राटदाराला त्यात काही दुःख नव्हतं.

वहिनी कप्तानाकडे गेल्या आणि म्हणाल्या की माझ्या पाळीत बोयाच्या अलीकडे दार उघडणार नाही. कप्तान हो म्हणाला. भला माणूस, पण हो म्हणायची सवय वाईट. वायरलेसवर साहेब, म्हणजे कंत्राटदाराचा इथला कारभार पाहणारे, सारखे त्याच्या मागे लागलेले असायचे. त्यांनाही तो होच म्हणायचा. ही दोन्ही हो एक दिवस समोरासमोर येणार होतीच. ती त्या दुपारी आली. वारा सुटला होता, ओहोटी लागली होती आणि हौद काठोकाठ भरलेला होता. खाडीच्या मुखाशी कप्तानाने बोट थांबवली आणि दारं उघडायला सांगितलं. वहिनींनी एकदा विचारून घेतलं की इथेच का. मग त्यांनी दांडा काढला, खिशात घातला आणि त्या जिना उतरून माझ्याकडे आल्या. काही सोलायचं असलं तर दे, म्हणाल्या.

लंबू गेल्यावर मी त्यांना म्हटलं, “वहिनी, नोकरीवर येईल.”

“येऊ दे.”

“राहायची खोली कंपनीची आहे.”

“माहीत आहे. रोज मीच झाडते ती.”

मी चहाचं आधण ठेवलं. वर थोडा वेळ सगळं शांत होतं. मग लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, एकदा, आणि लगेच पुन्हा. वहिनींचा हात थांबला. त्यांनी मान वर केली.

“पाना लावला,” त्या म्हणाल्या आणि जिन्याकडे धावल्या.

त्या पहिल्या पायरीवर होत्या तेवढ्यात बोट एकदम वर उसळली, हबकली आणि कशावर तरी बसली. माझी झाडून सगळी भांडी पुढे सरकली. पातेलं पालथं होऊन बटाटे टेबलाखाली गेले आणि चहा भिंतीवर गेला.

झालं ते असं. कप्तानाने लंबूला मोठ्या आवाजात सांगितलं आणि लंबूचे पाय चालायला लागले. त्याने त्या चौकोनी कांबेवर मोठा पाना चढवला आणि जोर लावला. दांड्याला कळतं किती फिरवायचं, पान्याला कळत नाही. सगळ्या जोड्या एकदम उघडल्या. बोट उभी होती, पाणी उथळ होतं, त्यामुळे पोटातला सगळा गाळ एकाच जागी खाली पडला आणि त्याचा ढीग झाला. तळाची दारं उघडली की बोटीच्या खाली लोंबतात. ती त्या ढिगात रुतली. बंद होईनात. बोट हलवावी तर दारं मोडणार, थांबावं तर ओहोटी चाललेली. संध्याकाळ झाली तरी आमची बोट अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखी स्वतःच्याच ढिगावर बसून होती. बंदरातल्या प्रत्येक नावेने आमच्या जवळून एकेक चक्कर मारली. पट्ट्यावरच्या बायका टोपल्या कमरेला लावून बघत उभ्या राहिल्या आणि त्यांच्या हसण्याचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडी गंमतही वाटली.

उजेड असतानाच साहेब छोट्या लाँचने आले. दुसऱ्या दिवशी सकाळी बंदराचे अधिकारी चौकशीला येणार होते, त्याआधी त्यांना सगळं निस्तरायचं होतं. त्यांनी वहिनींना जेवणघरात बोलावलं. जेवणघर आणि माझ्या स्वयंपाकघराच्या मध्ये ताटं सरकवायची एक खिडकी आहे. ती बंद करायला मला कोणी सांगितलं नाही, म्हणून मी केली नाही.

साहेब अगदी गोड बोलत होते. बोट जुनी आहे, म्हणाले. दांडा सकाळीच तुटला होता, म्हणून पाना लावावा लागला, एवढंच म्हणायचं. कोणावर ठपका नाही, कप्तानावर नाही, तुमच्यावर तर नाहीच. पुढच्या वर्षी नवी बोट येतेय, सगळी बटणांवर चालणारी, तिथे तुमची जागा पक्की. आणि हे म्हणायचं नसेल तर मग दांडा तुमच्या खिशात होता हे सगळ्यांनी पाहिलंय. तुम्ही तो नेला म्हणून पाना लावावा लागला आणि म्हणून बोट बसली. ठपका सरळ तुमच्यावर. मग नोकरी कसली आणि खोली कसली.

“दांडा तुटलेला नाही, साहेब,” वहिनी म्हणाल्या.

“ते मला कळतंय हो. तुटला म्हणा एवढंच म्हणतोय. काय जातं तुमचं? घरी जा, यजमानांना विचारा, सकाळी सांगा.”

“घरी विचारलं तर सगळ्या गल्लीला विचारल्यासारखं होईल,” वहिनी म्हणाल्या आणि उठल्या.

त्या लाँचने घरी गेल्या. मला वाटलं, त्या सकाळी येणारच नाहीत. यजमानांचं वय झालेलं, दोघांना राहायला दुसरी जागा नाही, आणि नव्या बोटीवरची बटणं डोळ्यांपुढे. मी असतो तर काय केलं असतं, याचा विचार मी मुद्दामच फार पुढे नेला नाही.

सकाळी त्या आल्या, धुतलेले कपडे घालून, केस नीट विंचरून. यजमान काय म्हणाले, मी हळूच विचारलं. खोली गेली तर जाऊ दे, पण दांडा देऊ नकोस, असं म्हणाले. हे सांगताना त्या हसल्या, पण डोळे झोपलेले दिसत नव्हते.

बंदराचे अधिकारी बुटांत पाणी घेऊनच वर चढले. शिडीपाशी लाट आली होती. ते कंटाळलेले, सरळ मनाचे गृहस्थ वाटले. जेवणघरात टेबलाभोवती ते, साहेब आणि कप्तान बसले. लंबू भिंतीला टेकून उभा होता आणि वहिनी दाराशी. मी चहा आणला आणि कोणी जा म्हटलं नाही म्हणून तिथेच राहिलो.

साहेबांनी सुरुवात केली. जुनी बोट, दांडा तुटलेला, नाइलाजाने पाना लावला, वाऱ्याने बोट उथळ पाण्यात सरकली. ऐकायला छान वाटत होतं. अधिकाऱ्यांनी कप्तानाकडे पाहिलं, कप्तानाने मान हलवली. मग त्यांनी सहज विचारलं की तो तुटलेला दांडा कुठे आहे, बघू या.

“समुद्रात पडला,” साहेब म्हणाले.

वहिनी दारातून पुढे आल्या. त्यांनी खिशातून दांडा काढला आणि टेबलावर ठेवला. सगळ्यांचे कप वाजले.

“हा दांडा. तुटला नाही, पडलाही नाही. माझ्या खिशात होता.”

अधिकाऱ्यांनी तो उचलला, उलटसुलट फिरवून पाहिला. “तुमच्या खिशात कसा?”

“मीच काढून घेतला. इथे दारं उघडा म्हणाले म्हणून. ही दारं उघडायची जागा नाही. दुसऱ्या पाळीत कितीतरी दिवस इथेच उघडतायत. तिकडे पट्ट्यावर बायका आहेत, त्यांना विचारा. आमच्या चिखलाने त्यांच्या शिंपल्या मेल्यात.”

“म्हणजे तुम्ही कप्तानाचा हुकूम मोडलात.”

“मोडला,” वहिनी म्हणाल्या. “पुन्हा इथेच उघडा म्हणाले तर पुन्हा मोडीन.”

साहेब लगेच म्हणाले की बघा, स्वतःच्या तोंडाने कबूल करतायत. अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं आणि विचारलं की हे आणखी कोणाला माहीत आहे का. कप्तान कपात बघत राहिला. लंबू स्वतःच्या पायांकडे बघत राहिला. मी किटली खाली ठेवली.

“दांडा माझ्या बटाट्यांशेजारी होता,” मी म्हटलं. “आणि लंबू तो मागायला आला तेव्हा ‘इथंच’ म्हणाला, तेही मी ऐकलं.”

साहेब मला म्हणाले, तू तुझं स्वयंपाकघर बघ. मी तेच बघत होतो, असं मी म्हणालो. मग जाऊन टेबलाखाली राहिलेले कालचे बटाटे शोधत बसलो.

पुढे व्हायचं ते झालं. पंजावाला तराफा आमच्या शेजारी आणून उभा केला आणि त्याने आमच्याच ढिगातून आम्हाला घास घास उकरून काढलं. बोट कुठे जाते ते कळवणारं यंत्र दुरुस्त झालं आणि आता ते वाऱ्यातही चालतं. गाळ बोयाच्या पलीकडेच टाकायचा आणि बोटीवर बंदराचा माणूस राहील, असा हुकूम निघाला. आणि वहिनींना त्याच दिवशी कामावरून काढलं, आज्ञाभंग केला म्हणून. ते खरंच होतं, त्यांनी केलाच होता. ढीग ज्यांच्या सांगण्यावरून पडला ते साहेब मात्र जागेवरच राहिले. त्यांना कोणी काही विचारलं असेल तर ते बंद दाराआड विचारलं असेल. मी बोललो थोडंफार, पण स्वयंपाक्याचं बोलणं म्हणजे चुलीचा धूर. लोक डोळे चोळतात आणि विसरतात.

वहिनी शिडी उतरून लाँचमध्ये बसल्या तेव्हा त्यांचा खिसा खाली ओढला गेलेला मी पाहिला. साहेबांनीही पाहिला. त्यांनी कठड्यावरून ओरडून सांगितलं की दांडा कंपनीचा आहे, तो ठेवून जा.

“तो तर समुद्रात पडला ना, साहेब?” वहिनी खालून म्हणाल्या.

लाँचवाला हसला. मग कप्तान हसला, आणि मग लगेच खोकला. साहेब काही बोलले नाहीत, कारण बंदराचे अधिकारी अजून त्यांच्या शेजारीच उभे होते.

खोली रिकामी करून दोघं बहिणीकडे राहायला गेली. इकडे दारांवर लंबूला बसवलं. वर्कशॉपमध्ये नवा दांडा घडवून आणला, चकचकीत, पण तो काही केल्या बसेना. जुना दांडा आणि ती कांब इतकी वर्षं एकमेकांना घासून एकमेकांच्या मापाची झाली होती. नवा मध्येच घसरायचा, दारं धाडकन उघडायची आणि माझे कप फुटायचे. पान्याला आता कोणी हात लावत नव्हतं. शेवटी लंबू माझ्याकडे आला आणि पट्ट्यावर चल म्हणाला. एकटा का जात नाहीस, मी विचारलं. वहिनींपुढे एकट्याने उभं राहवत नाही, असं तो म्हणाला. तो खरं बोलत होता, म्हणून मी चपला घातल्या.

ओहोटी होती. काठावर पालथ्या घातलेल्या होडीवर यजमान शिंपल्या निवडत बसले होते. आम्ही दिसताच ते ओरडले की चपला काढा, चिखल खाऊन टाकील. आम्ही चपला काढल्या. लंबूचे लांब पाय प्रत्येक पावलाला रुतत होते आणि बाजूच्या बायका तोंड फिरवून हसत होत्या. वहिनी लांब होत्या, कपडे गुडघ्यावर खोचून वाकलेल्या. जवळ गेल्यावर दिसलं की दांडा त्यांच्या हातातच आहे. त्याने त्या चिखल उकरत होत्या आणि शिंपल्या मोकळ्या करत होत्या. चांगलं काम होत होतं त्याने, टोपली निम्मी भरली होती.

लंबूने पुष्कळ काही ठरवून आणलं होतं. वाटेत त्याने मला ते दोनदा म्हणून दाखवलं होतं. माझं चुकलं, मी घाबरलो, वगैरे. तिथे उभा राहिल्यावर त्याच्या तोंडातून एवढंच निघालं:

“वहिनी, दांडा द्या.”

वहिनी सरळ झाल्या. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“कुठे उघडणार?”

“बोयाच्या पलीकडे.”

“आणि कप्तान म्हणाले इथंच, तर?”

लंबूने चिखलात रुतलेला पाय उपसला. त्याला लगेच उत्तर आलं नाही हे मला आवडलं. लगेच आलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

“तर खिशात घालून खाली येईन,” तो म्हणाला. “याच्याकडे. बटाटे सोलायला.”

वहिनींनी त्याला बराच वेळ न्याहाळलं. मग त्यांनी शेजारच्या डबक्यात दांडा धुतला, खोबणीत अडकलेला चिखल नखाने काढला, कपड्याला पुसला आणि त्याच्या हातात दिला. उठताना काढायचा, असं त्यांनी सांगितलं. तो हो म्हणाला. पुढची जोडी आधी, आणि बोट थांबवू द्यायची नाही. तो हो म्हणाला. वहिनी वाकल्या आणि हातानेच चिखल उकरू लागल्या. दांड्याने होत होतं तितकं भराभर ते होत नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी त्यांचा इतका अभिमान वाटला की मी उगीचच नाक शिंकरलं. परत येताना यजमानांनी लांबूनच ओरडून विचारलं की दिला का तिने. मी मान हलवली. मग त्यांनीही हलवली, आणि ते खाली बघून पुन्हा निवडायला लागले.

पुढच्या फेरीला आम्ही हौद भरून निघालो तेव्हा वारा होता. खाडीच्या मुखाशी मी कामातून उठून खिडकीशी गेलो. पट्टा उघडा पडला होता आणि त्यावर बायका वाकलेल्या दिसत होत्या. त्यांतली एक उभी राहिली आणि डोळ्यांवर हात धरून बोटीकडे बघत राहिली. तिने हात हलवला नाही. बोट थांबते का एवढंच ती बघत होती. बोट थांबली नाही. लाल बोया आला, मागे पडला, आणि पट्टा दिसेनासा झाला तरी आम्ही चाललो होतो.

मग पायाखाली जाणवलं. पुढची जोडी. थोडी वाट. मागची जोडी. बोट वर यायला लागली आणि मी टेबलावरच्या कपाकडे बघत राहिलो. चहा काठापर्यंत आला आणि थोडासा बशीत सांडला. शिकेल.

जेवायची वेळ झाली आणि लंबू खाली आला. दारात वाकताना त्याच्या खिशातला दांडा चौकटीवर आपटून वाजला.